दोघांची एकच चूक

“आता सांगा, कोणाला विचारायचं?” आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तरी वर्गात थांबत तसे ते थोडा वेळ थांबले आणि मग स्वतःच म्हणाले, “क्रियापदाला. क्रियापदाला विचारा, ते खोटं बोलत नाही.”

बाहेरच्या खोलीत बाईंनी नुकताच चष्मा लावला होता. तो काढून टेबलावर ठेवला आणि त्या मधल्या दाराशी गेल्या. सर खुर्चीत ताठ बसले होते. समोर संगणक होता आणि हातात खडू नाही म्हणून त्यांनी पेन धरलं होतं. त्या पेनाचा या कामात काडीचाही उपयोग नव्हता.

“दार लावते हो,” बाई म्हणाल्या.

“लाव, लाव. नाहीतर कॉपी व्हायची,” सर मान न वळवता म्हणाले.

हे रोजचंच होतं. दोघंही एकाच शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मुलं सर आणि बाई म्हणायची, शाळेतले सहकारी तेच म्हणायचे, दूधवालाही तेच म्हणायचा. घरात सर बायकोला बाईच म्हणायचे, त्यामुळे आपणही तेच म्हणू.

निवृत्तीनंतर घरात दोन रिकामी माणसं एकमेकांच्या पायात यायला लागली, तेव्हा लेकीने हे काम शोधून दिलं. कुठलीशी एक कंपनी यंत्राला इंग्रजी शिकवत होती. त्यासाठी हजारो वाक्यं कोणीतरी माणसाने सोडवून द्यायला हवी होती. पडद्यावर एक इंग्रजी वाक्य यायचं. त्यातल्या प्रत्येक शब्दाला लेबल लावायचं, हे नाम, हे विशेषण, हे क्रियापद. मग वाक्याचे तुकडे करायचे. मुख्य वाक्य कोणतं, गौण कोणतं, आणि गौण असेल तर ते कोणाचं काम करतंय, नामाचं, विशेषणाचं की क्रियाविशेषणाचं, तेही सांगायचं. शाळेच्या अभ्यासक्रमातून हे सगळं कधीच हद्दपार झालं होतं. ते आता एका यंत्राला हवंय हे कळल्यावर सरांना फार समाधान वाटलं. “आयुष्यभर ढ मुलं शिकवली,” ते म्हणाले, “आता एकच ढ उरला. पण गुणी आहे. खिडकीबाहेर बघत नाही.”

कामाची एक रीत होती. प्रत्येक वाक्य दोन वेगळ्या माणसांकडे जायचं. दोघांनी स्वतंत्र सोडवायचं, एकमेकांना विचारायचं नाही. दोघांचं उत्तर जुळलं की वाक्य पुढे पास. जुळलं नाही तर ते तिसऱ्या माणसाकडे जायचं. ही तिसरी म्हणजे कंपनीतली एक तरुण मुलगी. भाषाशास्त्र शिकलेली, बोलायला गोड आणि कामाला चोख. सरांनी तिचं नाव पंच ठेवलं होतं. कोणाचं कोणाशी किती जुळतं याचा हिशेब पंच ठेवायची. जुळणं फारच कमी व्हायला लागलं तर कोण चुकतंय ते बघून त्याचं काम थांबवायची.

सुरुवातीला पंच या जोडीला तयारच नव्हती. एकाच घरातली दोन माणसं म्हणजे विचारपूस होणारच, असं तिचं म्हणणं पडलं. तेव्हा बाईंनी तिला फोनवर सांगितलं, “आमची उभी हयात परीक्षेच्या वर्गात पहारा देण्यात गेली आहे. आमच्या घरात मधे दार आहे. ते बंद राहील. हा माझा शब्द.” पंच हसली आणि तिने दोघांना जोडीने घेतलं.

दार लागायचं कारण सरांची बोलण्याची सवय. बाई मनातल्या मनात वाक्य सोडवायच्या, एखाद्या गृहिणीने न बघता डब्यात हात घालावा तशी त्यांना लेबलं सापडायची. सरांचं तसं नव्हतं. त्यांना बोलल्याशिवाय वाक्य सुटायचंच नाही. आधी क्रियापदं मोजायची, जितकी क्रियापदं तितकी वाक्यं. मग प्रश्न. ‘काय’ विचारून उत्तर आलं तर नामवाक्य. नामाला ‘कोणतं’ विचारून आलं तर विशेषणवाक्य. ‘कधी, कुठे, का’ विचारून आलं तर क्रियाविशेषणवाक्य. हे सगळं मोठ्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असं. शाळेत शेजारच्या वर्गातली मुलं आपल्या बाईंचं सोडून सरांचं ऐकत बसायची, आणि त्या शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणजे याच बाई. लग्न जमण्याआधीपासून त्या सरांचा आवाज भिंतीतून ऐकत आल्या होत्या.

सरांची शाळेत आणखी एका गोष्टीसाठी ख्याती होती. त्यांच्या विषयात कॉपी पचत नसे. दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी आली तर ते काही म्हणायचे नाहीत. पण चुकीचं उत्तर सारखं आलं की दोघांना बोलावून घ्यायचे. “बरोबर उत्तराला वाट एकच असते,” ते शांतपणे म्हणायचे. “चुकायला हजार वाटा. तुम्ही दोघं नेमके एकाच वाटेने कसे चुकलात?” मुलं खाली बघायची. मग सर दोघांना नवीन वाक्य घालायचे, तशाच घडणीचं. जो मुळातच चुकला होता तो पुन्हा तस्साच चुकायचा. ज्याने बघून लिहिलं होतं तो बरोबर लिहायचा आणि तिथेच सापडायचा. शिक्षकांच्या खोलीत यावर सरांची थट्टा व्हायची, की यांच्या राज्यात हुशार चोराला फाशी आणि ढ सज्जनाला माफी.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. एका सकाळी बाई आत चहा द्यायला गेल्या आणि परतताना दोन्ही हातांत रिकामी भांडी होती म्हणून दार मागे उघडंच राहिलं. भांडी ठेवून त्या दार लावायला वळल्या, तेवढ्यात सरांचा आवाज आला. वाक्य सोपं होतं. ‘आय डू नॉट नो व्हेन शी विल कम.’ ती कधी येईल ते मला माहीत नाही.

“व्हेन आला,” सर म्हणाले. “व्हेन म्हणजे वेळ. क्रियाविशेषणवाक्य.” आणि त्यांनी लेबल लावूनही टाकलं.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. काय माहीत नाही? ती कधी येईल ते. ‘काय’चं उत्तर, म्हणजे नामवाक्य. यात कठीण काहीच नव्हतं. उलट ही चूक म्हणजे सरांची आवडती. दर वर्षी ते फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढायचे आणि त्याला खड्डा म्हणायचे. “व्हेन दिसला की वेळ म्हणून उडी मारू नका, खाली खड्डा आहे. आधी क्रियापदाला विचारा.” पिढ्यान्‌पिढ्या मुलांना हात धरून त्या खड्ड्यापासून बाजूला नेणारा माणूस आज स्वतःच त्यात पडला होता आणि पडल्याचं त्याला कळलंही नव्हतं.

बाईंनी दार लावलं. दमले असतील, असं त्यांनी मनाशी ठरवलं. माणूस ठरवतो, पण मन ऐकतं थोडंच. त्या दिवसापासून त्या सरांकडे डोळ्यांत तेल घालून बघायला लागल्या आणि बघितल्यावर दिसायचं ते दिसलंच. सदऱ्याची बटणं एक घर सोडून लागायला लागली. चहा पिऊन झाल्यावर चहा कधी देतेस, अशी विचारणा व्हायला लागली. एकदा खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने येऊन संकोचत सांगितलं, की सर आमच्या दाराला तुमची किल्ली लावत होते.

लेक येऊन दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की हे विसरणं सुरू झालंय, थांबवता येणार नाही, फार तर सावकाश करता येईल. सर सगळं ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “शब्द कधी जातील?”

ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि मग कागदावर गोळ्या लिहिता लिहिता त्यांनी बाईंना एक गोष्ट बजावली. सरांना जे येतंय, जे आवडतंय, ते सोडू देऊ नका. हे वाक्यांचं काम फार चांगलं आहे. त्याच्याच आधाराने ते उभे राहतील, आणि ते सुटलं तर मात्र घसरण लवकर होईल. बाईंनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला ही एकच काळजी लागली, की सरांचं काम सुटता कामा नये.

आणि पुढच्याच आठवड्यात पंचचा फोन आला.

तिने बरेच आढेवेढे घेतले. मग म्हणाली, की तुमच्या जोडीचं जुळणं फार खाली आलंय. मी स्वतः बसून बघितलं. तुमची उत्तरं नेहमीसारखी आहेत, पण सरांची चुकतात, आणि कधी कधी अगदी साधं नामसुद्धा चुकतं. “मला वाईट वाटतंय मॅडम,” ती म्हणाली, “पण असंच राहिलं तर महिनाअखेर सरांचं काम थांबवावं लागेल. तुमच्याबरोबर दुसरं कोणीतरी देते.”

“नजरेमुळे होतंय ते,” बाई म्हणाल्या. “चष्मा बदललाय. सवय होईपर्यंत थोडा वेळ द्या त्यांना.”

त्यांनी फोन ठेवला. आयुष्यात त्या खोटं बोललेल्या नव्हत्या असं नाही, शिक्षकांना पालकांशी बोलताना थोडं बोलावंच लागतं. पण व्याकरणाच्या बाबतीत हे पहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा आवाज सुरू झाला तशा त्या उठल्या, मधल्या दारापर्यंत गेल्या, कडीवर हात ठेवला आणि काढून घेतला. “उकडतंय हो,” त्या म्हणाल्या. “दार राहू दे उघडं.”

सरांनी वळून बघितलं. “आणि कॉपी?”

“माझे कान कुठे शाबूत आहेत आता. तुमचं काही ऐकू येत नाही मला.”

सरांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. बायकोचा शब्द ते प्रमाण मानायचे.

मग ते सुरू झालं. सर आत वाक्य मोठ्याने सोडवायचे. तेच वाक्य बाई बाहेर पडद्यावर उघडायच्या आणि कान देऊन बसायच्या. सरांचं बरोबर आलं की त्या सुस्कारा सोडून आपलं बरोबर लेबल लावायच्या. सरांचं चुकलं की त्याही तेच चुकीचं लेबल लावायच्या. पहिल्यांदा ते लावताना बोट पुढे होईना. नामाला विशेषण म्हणायचं म्हणजे त्यांना भर वर्गात खोटी साक्ष दिल्यासारखं वाटलं. अर्ध्या गुणासाठी मुलांना रडवणारी ही बाई. पण आतून सरांचा आवाज येत होता, पुढच्या वाक्याची क्रियापदं मोजत होता, आणि त्या आवाजापुढे अर्ध्या गुणाची काय कथा. त्यांनी लेबल लावलं. कुंपणाने शेत खायला सुरुवात केली.

मनाची समजूत घालायला माणसाला कारण सापडतंच. कोणाचं नुकसान होतंय? एका यंत्राचं. ते ढ आहे, राहू दे आणखी थोडं ढ. त्याला कुठे परीक्षेला बसायचंय.

आणि याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसत होता. जुळणं वर गेलं. पंचने सरांना फोन करून अभिनंदन केलं. सर त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कामाला बसले आणि मग रोजच तसे बसायला लागले. सकाळी उठल्यावर कुठे आहोत हे त्यांना कधी कधी उमगायचं नाही, पण खुर्चीत बसून पहिलं क्रियापद सापडलं की चेहरा जागेवर यायचा. लेक फोनवर म्हणाली, बाबांचा आवाज किती छान वाटतोय. डॉक्टर म्हणाले, जे करताय ते चालू ठेवा. बाई सगळ्यांना हो म्हणत राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मात्र सरांच्या चुका थांबल्या नव्हत्या, वाढतच होत्या. एका सकाळी त्यांना ‘प्रेपोझिशन’ हा शब्दच आठवेना. “ते काय ते,” ते आत म्हणत राहिले, “नामाच्या आधी बसतं ते. छोटंसं. अहो, रोजचं आहे ते.” बाई बाहेर ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. सांगितलं तर दार उघडं असल्याचा अर्थ त्यांना कळला असता. सर बराच वेळ शोधत राहिले, शेवटी त्यांनी हाताला लागलं ते लेबल लावलं, आणि बाईंनीही तेच लावलं. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा रडू आलं. ते सरांच्या आजाराचं होतं की त्या लेबलाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी पंचचा पुन्हा फोन आला. ती खुशीत होती. तिच्याकडच्या सगळ्या जोड्यांमध्ये सर आणि बाईंचं जुळणं आता सर्वांत वर होतं. कामावर नवीन माणसं येणार होती आणि त्यांना शिकवायला नमुन्याची वाक्यं हवी होती. ती सगळी या जोडीच्या कामातूनच घ्यायची असं कंपनीने ठरवलं होतं. “तुम्ही दोघं एकमताने म्हणता म्हणजे आम्हाला बघायचीसुद्धा गरज नाही,” ती म्हणाली. “आत्ताच पाठवलीत मी वाक्यं. तुम्हालाही आणि सरांनाही. एकदा नजरेखालून घाला, मग छापते.”

यंत्राचं एक वेळ ठीक होतं. पण आता माणसं त्यावरून शिकणार होती, कोणाची तरी मुलं, वही उघडून, समोरचं खरं मानून. ज्या चुकीच्या उत्तरांवर त्यांनी जन्मभर लाल रेघ ओढली तीच त्यांच्या नावाने बरोबर म्हणून शिकवली जाणार होती. त्या पंचला काहीतरी सांगणार होत्या, पण काय सांगणार? खरं सांगावं तर सरांचं काम गेलं. “बघते,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती वाक्यं सरांनी उघडू नयेत म्हणून त्या दिवशी त्यांनी डोकं दुखतंय असं सांगून सुट्टीच घेतली आणि सरांनाही घ्यायला लावली. उद्याचं उद्या, असं त्यांना वाटलं. पण काही सकाळी अशा उगवायच्या, की सरांचं सगळं जिथल्या तिथे असायचं. बटणं बरोबर लागायची, शेजाऱ्यांची नावं आठवायची, जुने विनोद आठवायचे. दुसरी सकाळ नेमकी तशी उगवली.

बाई उठल्या तेव्हा सर आधीच खुर्चीत होते. आतून आवाज येत नव्हता. बाईंना वाटलं अजून सुरुवात केली नसेल. त्या दाराशी गेल्या. पडद्यावर नमुन्याची वाक्यं होती. प्रत्येक वाक्याखाली दोन रकाने, एकात सरांची लेबलं, दुसऱ्यात बाईंची. सर पडद्यावर बोट फिरवावं तसं पेन फिरवत एकेक ओळ खाली येत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्या पेनाचा काही उपयोग होत होता.

“बाई, बस,” ते म्हणाले.

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. सरांनी एका वाक्यावर पेन ठेवलं. “हे माझं चुकलंय,” ते म्हणाले. “हे पण. हे तर आठवीतला मुलगाही चुकणार नाही. मी चुकलो, ते समजतंय मला. का चुकलो तेही माहीत आहे, डॉक्टरांनी सांगितलंय.” मग त्यांनी खुर्ची वळवली आणि बायकोकडे बघितलं. “तू कशी चुकलीस?”

बाईंनी खाली बघितलं. खाली बघणारी मुलं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

सरांनी आवाज चढवला नाही, त्यांचा चढायचाच नाही. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि त्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिलं. अक्षर अजून तसंच होतं, ताठ आणि मोकळं. कागद त्यांनी बाईंच्या हातात दिला. तो मला केव्हा विसरला ते मला आठवत नाही, असं काहीसं ते वाक्य होतं. “सोडव,” ते म्हणाले.

बाईंना वाटलं, आपण चुकावं. आत्ता, इथे चुकलो तर वाचलो. कॉपी न ठरता ती आपलीही चूकच ठरेल, म्हाताऱ्या झाल्या बाई, दोघंही बरोबरच म्हातारे झाले, एवढंच. खड्डा समोर होता, नुसतं पाऊल टाकायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. पण समोर सर बसले होते, पूर्वीचे सर, पूर्ण शुद्धीतले, आणि त्या डोळ्यांपुढे चुकीचं उत्तर द्यायला त्यांना जमलं नाही.

“नामवाक्य,” त्या म्हणाल्या.

“बरोबर,” सर म्हणाले.

ते वर्गातल्या हुशार मुलीला म्हणावं तसंच म्हणाले. मग त्यांनी बाईंच्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

“रोज ऐकत होतीस?” सरांनी विचारलं.

“हो.”

“सगळं?”

“सगळं.”

“फार त्रास झाला असेल तुला,” सर म्हणाले. “तुला चुकीचं लिहिता येत नाही.”

यावर मात्र बाईंचा बांध फुटला. डॉक्टर काय म्हणाले होते, पंच काय म्हणाली होती, सगळं त्या सांगत सुटल्या. हे काम गेलं तर तुम्ही जाल, आणि मला एकटीला या घरात भिंतीतून कोणाचा आवाज ऐकू येणार, असंही म्हणून गेल्या. सरांनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, की मी जाणारच आहे, थोडा थोडा. पण जाता जाता मुलांना चुकीचं शिकवून जायचं नाही.

फोन त्यांनीच लावला. बाई नको नको म्हणत असताना लावला, कारण उद्याची सकाळ कशी असेल याचा भरवसा नव्हता. पंचला त्यांनी सांगितलं, की नमुन्याची वाक्यं छापू नका आणि आमच्या जोडीचं अलीकडचं सगळं काम परत घ्या. कॉपी झाली आहे.

पलीकडून पंचने हळूच विचारलं, “कोणी केली सर?”

“मी मोठ्याने बोललो, दार उघडं होतं,” सर म्हणाले. “पहारा माझा होता. पहारेकऱ्याचा दोष.”

मग त्यांनी आजाराचं नाव घेतलं, अडखळत पण पूर्ण. पंच रडत असावी, कारण सरच तिला समजावत होते, की त्यात काय, पोरी, वय झालं. शेवटी तिने एवढंच विचारलं, की बाईंनी काम पुढे चालू ठेवलं तर चालेल का, दुसऱ्या कोणाबरोबर, पहिल्यापासून चाचणी देऊन. त्यांच्यासारखं काम तिला कोणाकडून मिळत नव्हतं. सरांनी बाईंना विचारलंही नाही. “चालेल,” ते म्हणाले. “दार बंद राहील. हा माझा शब्द.”

बाईंनी त्या रात्री सांगितलं, मी हे काम करणार नाही. सर म्हणाले, करशील.

सरांचा संगणक बंद झाला. तो पडदा काळाच राहिला, पण खुर्ची आणि टेबल हलवायचं नाही असं सरांनी बजावलं. लेकीने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून इंग्रजी धड्यांची पुस्तकं आणून दिली. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून सर आत बसायचे आणि त्यातली वाक्यं सोडवायचे, कोणासाठीच नाही. पुढे चांगल्या सकाळी विरळ होत गेल्या. लेकीला ते कधी कधी शाळेतली नवीन शिक्षिका समजायचे आणि तिला फळा नीट पुसायला सांगायचे. पण एक गोष्ट ते विसरले नाहीत. बाई बाहेर चष्मा लावून बसल्या की आतून पावलं वाजायची, आणि परीक्षेच्या वर्गाचं दार लावतात तसं, आवाज न करता, सर मधलं दार आपल्या हाताने लावून घ्यायचे.

एके दिवशी बाईंसमोर एक लांबलचक वाक्य आलं. त्यात एका गौण वाक्यापाशी त्या अडल्या. विशेषणवाक्य म्हणावं की नामवाक्य, दोन्ही बाजूंनी पटत होतं. हात थांबला आणि सवयीने कान दाराकडे गेले. काहीच ऐकू आलं नाही. पुस्तक वाचताना सर बोलल्याशिवाय राहायचे नाहीत, बंद दारातून शब्द कळले नाहीत तरी आवाज यायचा, मग आज घरात इतकं शांत का? त्या घाबरून उठल्या आणि दार थोडंसं लोटून आत बघितलं.

सर खुर्चीत ताठ बसले होते. मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि हातात पेन होतं. त्यांचे ओठ हलत होते. क्रियापदं मोजत होते, थांबत होते, प्रश्न विचारत होते, उत्तर देत होते, सगळं अगदी पूर्वीसारखंच. फक्त तोंडातून आवाज निघत नव्हता. बाईंना बघून त्यांनी पेन ओठांवर आडवं धरलं आणि मान हलवून त्यांना बाहेर, आपल्या जागेवर जायची खूण केली.

बाईंनी दार लावलं. त्या परत टेबलाशी येऊन बसल्या, चष्मा पुसला, आणि त्या वाक्याचं लेबल आपल्या मनाने लावलं.